डाव्या हाताची कात्री

“ताई, फोड की आता. नुसती बघत काय उभी राहिलीस?” भाऊ म्हणाला.

बंदराच्या गोदामात सिमेंटच्या जमिनीवर आठ खोकी ओळीनं मांडून ठेवली होती. प्रत्येक खोक्यावर निळ्या शाईत एका हाताचं चित्र होतं, डाव्या हाताचं. ही ताई म्हणजे शिवण शिकवणाऱ्या बाई. त्यांनी आधी त्या चित्रावरून बोटं फिरवली, मग पिशवीतून सुरी काढून पहिल्या खोक्याची चिकटपट्टी कापली. आत पंचवीस डबे. डब्यात तेलकट कागदात गुंडाळलेली कात्री, दहा इंची, कापड बेतायची, काळ्या मुठीची. बाईंनी ती डाव्या हातात घेतली. कुणीतरी गुपचूप येऊन त्यांच्या हाताचं माप घेऊन गेलं असावं, अशी मूठ बसली. अंगठा अलगद आत गेला. कुठे टोचलं नाही, कुठे घासलं नाही.

“बसली ना झकास?” भाऊ खूश झाला. सकाळपासून दुकान बंद ठेवून तो बहिणीबरोबर आला होता.

बाईंनी कात्री उघडली, डोळ्यांसमोर आडवी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काय झालं गं?”

“पाती उजवी आहेत.”

“म्हणजे?”

“मूठ तेवढी डाव्या हाताची केलीय. पाती उजव्या हाताचीच ठेवलीत.”

भावानं कात्री हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. नटबोल्ट, कुलपं, बिजागऱ्या विकण्यात त्याची उमर गेली होती, पण कात्रीला डावं-उजवं असतं हे त्याला सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं. बाईंनी पिशवीतून खडू आणि कापडाचा तुकडा काढून त्यावर रेघ मारली आणि त्यावर कात्री ठेवली.

“हे बघ. वरचं पातं कुठल्या बाजूला आहे? उजव्या. मी डाव्या हातानं कापायला गेले, की हे पातं बरोब्बर रेघेच्या आड येतं. रेघ दिसतच नाही, अंदाजानं कापायचं. डाव्या हाताच्या कात्रीत हे पातं डावीकडे हवं. नुसती मूठ फिरवून काय उपयोग?”

“पण कापतेय का बघ तरी.”

बाईंनी कापली. कापड सरसर कापलं गेलं, रेघेवरून केसभरही न हलता.

“हात् तिच्या! कापतेय की!”

“मला सवय आहे,” बाई म्हणाल्या. “ज्याला सवय नाही, त्याचं काय?”

तिसरा माणूस इतका वेळ फाईल छातीशी धरून उभा होता. तो माल सोडवून देणारा एजंट. कुठलीही अडचण सांगितली की तो “होऊन जाईल” म्हणायचा, म्हणून भावानं त्याचं नावच ‘होऊनजाईल’ ठेवलं होतं. त्यानं कागद पुढे केला.

“मॅडम, सही करून माल उचला. इथे ठेवलात तर रोजचं भाडं चढेल. पुढचं सगळं होऊन जाईल.”

बाईंनी सही केली. डाव्या हातानं, पेन मुठीत वाकडं धरून.

*

बाई एका शिवणकाम केंद्रात एकतीस वर्षं शिकवत होत्या. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भावाच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. केंद्रात शिकून गेलेल्या बायका त्यांना ‘डावऱ्या बाई’ म्हणायच्या, आणि ते त्यांना लागत नसे. उलट, समोर बसलेल्या मुलींना आपला डावा हात आरशातल्यासारखा दिसतो, म्हणून आपण शिकवलेलं पटकन कळतं, असं त्या अभिमानानं सांगत. त्यांच्या हातची कॉलर बघायला दुसऱ्या केंद्रांतले शिक्षक यायचे.

पण दर वर्षी वर्गात एखादी तरी डावखुरी मुलगी असायची आणि तिचं कापड कात्रीत दुमडायचं, चुरगळायचं, कड कुरतडल्यासारखी व्हायची. बाई तिला सांगायच्या, “उजव्या हातानं कर बाळ, होईल सवय.” किंवा स्वतःचा हात दाखवायच्या, “अंगठा असा आत ओढायचा आणि बोटांनी बाहेर रेटायचं. दुखेल सुरुवातीला.” त्यांना स्वतःला असंच जमलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढा घट्टा पडला होता, तेव्हा कुठे जमलं होतं.

एक मुलगी मात्र त्यांच्या मनातून जात नव्हती. तिच्यासारखे फ्रॉक कागदावर काढणारी मुलगी बाईंनी दुसरी पाहिली नव्हती. पण कापायला बसली की रडकुंडीला यायची. चार महिने झगडली आणि एक दिवस कात्री टेबलावर ठेवून म्हणाली, “बाई, माझा हातच वाईट आहे.” बाईंनी तिला समजावलं नाही. त्यांनाही तसंच वाटत होतं. ती गेली, आणि तिचा पत्ता पुढे बाईंना कधीच लागला नाही.

मग भावाच्या दुकानात परदेशी अवजारांचं एक माहितीपुस्तक आलं. बाई चहा घेऊन खाली गेल्या होत्या. सहज पानं उलटताना त्यांना कात्र्यांचं पान दिसलं. खाली एका ओळीत लिहिलं होतं, ‘डावखुऱ्यांसाठी वेगळी बनावट’. बाईंनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. चहा निवला. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना कळलं, की चूक हाताची नव्हती, कात्रीची होती.

त्या दिवसापासून त्यांनी चंग बांधला. गावातल्या कुठल्याही दुकानात ती कात्री मिळत नव्हती. दुकानदार हसायचे. “डावखुऱ्यांची? मग डावखुऱ्यांच्या सुया पण मागवू का?” बाईंनी मनाशी म्हटलं, हे विकत नाहीत ना, मग आपणच आणू. आयात करण्याचा परवाना, बँकेतलं पत्र, मालाच्या वर्णनाचा अर्ज, एकेक कागद गोळा करताना त्यांच्या नाकी नऊ आले. कस्टमच्या कचेरीत तर एका साहेबानं अर्ज परत केला.

“बाई, कात्रीला कात्री म्हणा. डावी-उजवी आमच्या यादीत नाही.”

“म्हणून तर आणतेय,” बाई म्हणाल्या.

साहेबानं चष्म्यावरून पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, ‘कात्री’च्या पुढे स्वतःच कंसात ‘डावी’ लिहून शिक्का मारला.

*

आठ खोकी बाईंच्या बाहेरच्या खोलीत आली. दोनशे कात्र्या. पलंग सरकवावा लागला, खिडकी अर्धी झाकली गेली. बाईंनी आधीच चाळीसेक शिंप्यांना आणि बायकांना कबूल केलं होतं. “बाई, आली का कात्री?” म्हणून रोज कुणी ना कुणी विचारायचं. बाई प्रत्येकाला सांगायच्या, “आलीय, पण चुकीची आलीय. थांबा.”

आठवड्यानं शिवणसामानाचा घाऊक व्यापारी स्वतः जिना चढून वर आला. हा तोच, ज्यानं सुयांवरून विनोद केला होता. खुर्चीवर बसून त्यानं एक कात्री हातात घेतली, खाली ठेवली.

“सगळी उचलतो. तुम्ही घातलेत त्याच्या दीडपट देतो. डबा फार छान आहे हो. डाव्या हाताचं चित्र बघून माणूस घेणारच.”

“त्या डाव्या हाताच्या नाहीत.”

“मूठ तर आहे ना? घेणाऱ्याला काय कळतंय?”

“नाही कळत,” बाई म्हणाल्या. “त्याला वाटेल, खास आपल्यासाठी बनवलेल्या कात्रीनंही जमत नाही, म्हणजे आपला हातच वाईट.”

व्यापारी म्हणाला, “बरं, विचार करा. घाई नाही.”

“डब्यावरचं चित्र काढून, साधी कात्री म्हणून विकणार असाल तर न्या.”

“चित्र काढलं तर राहिलं काय त्यात?” तो हसत उठला.

तो गेल्यावर भाऊ चिडला. “ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? गिऱ्हाईक घर शोधत आलं होतं! आयुष्यभराची पुंजी ह्या खोक्यांत घालून बसलीस. विकून टाकायच्या, पुन्हा धंद्याच्या नादी लागायचं नाही.”

“तुझ्या दुकानात एखादं कुलूप कुठल्याही किल्लीनं उघडतंय असं तुला कळलं, तर विकशील?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“विकशील का सांग.”

भाऊ खाली दुकानात निघून गेला. दोन दिवस वर फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी तो वर आला, न विचारता चार खोकी खाली नेली आणि दुकानाच्या माळ्यावर ठेवली. “खिडकी तरी उघडी राहील तुझी,” एवढंच म्हणाला.

कंपनीला पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. ‘मूठ माहितीपत्रकात दाखवल्याप्रमाणेच आहे. आजवर कोणत्याही ग्राहकाची तक्रार नाही.’ भावानं डोक्याला हात लावला. बाईंनी मात्र शांतपणे टेबल मोकळं केलं. दोन्ही पात्यांची चित्रं काढली, कुठलं वर हवं, कुठलं खाली, बाण दाखवून. त्याच कात्रीनं, केंद्रातल्या एका डावखुऱ्या मुलीकडून एक तुकडा कापून घेतला, कुरतडलेल्या कडेसकट पाकिटात घातला. आणि खाली लिहिलं: ‘तुमच्या कारखान्यात डाव्या हातानं काम करणारं कुणी असेल, तर त्याच्या हातात ही कात्री द्या आणि सरळ रेघ कापायला सांगा. मी वाट पाहीन.’

पाच आठवडे काही नाही. सहाव्या आठवड्यात पत्र आलं, पण कंपनीच्या छापील कागदावर नव्हे. वहीच्या पानावर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, उलट्या बाजूला कललेल्या अक्षरांत. लिहिणारी बाई कारखान्यात धार लावायच्या खात्यात होती. भावानं अडखळत अर्थ लावला:

‘तुमचं पाकीट वरच्या कचेरीतून खाली आलं, कारण डाव्या हाताची इथे मी एकटीच. मी बावीस वर्षं पात्यांना धार लावते. मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी कापून बघितलं. तुमचं खरं आहे. साहेबांनाही मी कापून दाखवलं. आता एक कात्री मी स्वतः बनवून पाठवते. ती बघा. चूक असेल तर मला सांगा, कचेरीला नको.’

बाईंनी पत्र हातात घेऊन बराच वेळ ती कललेली अक्षरं पाहिली. “माझंही अक्षर असंच कलतं,” त्या म्हणाल्या.

*

नमुन्याची कात्री आली ती वर्गाच्या वेळेला. होऊनजाईल ती स्वतः केंद्रावर घेऊन आला. त्यालाही आता उत्सुकता लागली होती. बाईंनी सगळ्यांसमोर पुडकं उघडलं. पाती बरोबर होती. वरचं डावीकडे. पोलाद आरशासारखं घासलेलं, धारेवर एक बारीक कण नाही. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी टेबलावर कापड पसरलं, रेघ मारली. पहिल्यांदाच रेघ संपूर्ण दिसत होती, टोकापर्यंत, मध्ये काही आड न येता.

त्यांनी कात्री चालवली आणि कापड पात्यांमध्ये दुमडलं.

बाईंनी कात्री मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा दुमडलं. तिसऱ्यांदा कड कुरतडली गेली. एकतीस वर्षांत बाईंच्या हातून कापड चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“धार नाही वाटतं,” होऊनजाईल हळूच म्हणाला. आज त्यानं ‘होऊन जाईल’ म्हटलं नाही.

बाई खुर्चीवर बसल्या. पाती बरोबर, धार बरोबर, मग चुकतंय कुठे? त्या दूरच्या बाईनं आपल्या भरवशावर साहेबांशी वाद घातला असेल. तिला काय लिहायचं? तुझीही चूक झाली म्हणून?

वर्गात बावीस बायका आणि एक पुरुष होता. तो निवृत्त बस ड्रायव्हर. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला शिकायचं म्हणून पंधरा दिवसांपूर्वी आलेला. अजून त्याचा मशीनच्या पायडलवरच सराव चालला होता. कात्रीला हात लावायची पाळी आली नव्हती. पण हजेरीची सही डाव्या हातानं करायचा. तो मागून उठून आला.

“बाई, मी बघू का जरा? मला काही येत नाही, पण बघतो.”

त्यानं कात्री घेतली. धरायची कशी तेही बाईंनी सांगावं लागलं. मग त्यानं ती रेघेवर ठेवली आणि नुसती मिटली. कापड चुपचाप कापलं गेलं. पुन्हा उघडली, मिटली. रेघ पात्याबरोबर पुढे पुढे सरकत होती आणि तो ती बघत होता. हातभर कापड कापून तो थांबला, घाबरून म्हणाला, “जास्त कापलं का?”

बाईंनी तो तुकडा उचलला. कड सुरीनं कापलेल्या कागदासारखी सरळ.

“पुन्हा कापा,” त्या म्हणाल्या.

त्यानं दुसरी रेघ कापली, मग वळणाची एक. वळणावर जरा अडखळला, पण कापड दुमडलं नाही. तोवर बाईंच्या लक्षात सगळं आलं होतं. अंगठा आत, बोटं बाहेर. उलट्या कात्रीशी जुळवून घेत घेत त्यांचा हातच उलटा घडला होता. आता सुलटी कात्री आली, तर तोच जोर पात्यांना एकमेकांपासून दूर लोटत होता. ज्याला काहीच येत नव्हतं त्याला आलं. आणि ज्यांना सगळं येत होतं त्यांना येईना.

त्यांनी चष्मा काढून पुसला. वर्गाला वाटलं, आता बाई रडणार. पण बाईंनी टेबलाच्या खणातून कागद काढला आणि तिथल्या तिथे पत्र लिहायला घेतलं.

“काय लिहिताय?” होऊनजाईलनं विचारलं.

“की कात्री बरोबर आहे. अगदी बरोबर.” पेन थांबलं, मग पुन्हा चाललं. “आणि तिच्या हाताला माझा नमस्कार.”

*

कंपनीनं माल बदलून दिला, पण निम्माच. उरलेल्या शंभर कात्र्यांच्या डब्यांवरची चित्रं बाईंनी आणि भावानं बसून खरवडली, आणि त्या मोडीच्या भावात गेल्या. नव्या कात्र्या यायला पावणेपाच महिने लागले. आल्या तेव्हा कस्टमच्या त्याच साहेबानं डबा उघडायला लावला, स्वतःच्या मुलीसाठी म्हणून एक बाजूला ठेवायला सांगितली आणि रीतसर विकत घेतली.

दुकान काढावं इतका तो धंदा कधी झाला नाही. पहिल्या वर्षी एकसष्ट गेल्या. लोक पत्ता विचारत यायचे. एक शिंपी मुलाला घेऊन आला. एक बाई आली, तिनं कात्री घेतली आणि पायऱ्या उतरताना जिन्यातच काहीतरी कापून पाहिलं. नंतर कळलं, तिनं स्वतःच्या पिशवीची किनार कापली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला बाई आधी विचारायच्या, “किती वर्षं उजव्या कात्रीनं कापताय?” उत्तर मोठं असेल तर सांगायच्या, “पहिला महिना शिव्या द्याल मला. द्या. पण टाकून देऊ नका.” भाऊ नोंदवही सांभाळायचा आणि दुकानात आलेल्या कुणालाही, कुलूप मागायला आलेल्यालाही, कात्रीचं पातं कुठल्या बाजूला असावं ते समजावून सांगायचा.

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी स्वतःची जुनी कात्री केंद्राच्या कपाटात ठेवली आणि किल्ली परत दिली. बायकांना वाटलं, आठवण म्हणून ठेवली असेल. पण बाईंना तो मोह घरात नको होता. ती हाताशी असती, तर अडीनडीला त्यांनी तीच उचलली असती.

त्यानंतर दर मंगळवारी सकाळी ड्रायव्हर त्यांच्याकडे यायचा. त्याची सीट कव्हरं आता बऱ्यापैकी चालत होती, तरी यायचा. बाईंनी भावाकडून रद्दीचा गठ्ठा मागून घेतला होता. पहिल्या दिवशी आलेल्या मुलींना देतात तशा, वर्तमानपत्रावर बोटभर अंतरानं रेघा मारून त्या खिडकीशी बसायच्या आणि नव्या कात्रीनं पट्ट्या कापायच्या. पाच-सहा पट्ट्या नीट निघायच्या, आणि मग कधी अंगठा आत ओढला गेला ते कळायचंही नाही, कागद चुरगळायचा.

“बाई, जोर लावताय तुम्ही,” ड्रायव्हर म्हणायचा. “स्टिअरिंगला असा जोर लावला की गाडी भरकटते. नुसतं धरायचं.”

“कळतं हो मला. हाताला कळत नाही.”

“त्याला वेळ द्या. चाळीस वर्षं एकाच रस्त्यानं गेलाय तो.”

बाई हसल्या. चुरगळलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला, हात मांडीवर सैल सोडला, बोटं दोन-तीनदा उघडमीट केली. खाली दुकानात भाऊ कुणाला तरी बिजागऱ्या मोजून देत होता. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावरच्या कागदावर पडलं होतं आणि पेन्सिलीची रेघ त्यात स्वच्छ दिसत होती.

“द्या दुसरा,” त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरनं गठ्ठ्यातून पान काढून सरळ करून त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी कात्री लावली, आणि यावेळी हळूच, नुसती मिटली.